बुडबुडे बॅचचे आजोबा

७ एप्रिल, सोमवार

दहा महिन्यांच्या पोरीला पोहायचा क्लास. सकाळपासून हे वाक्य स्वतःशी म्हणून पाहतोय आणि दर वेळी हसू येतंय. आमच्या जिवलीला अजून धड उभं राहता येत नाही. पाळण्यात तिचं नाव शर्विका ठेवलंय, मला ते म्हणता येतं, पण मी म्हणत नाही. माझ्यापुरती ती जिवली, माझ्या आजीचं नाव. आणि ही बया आता पोहणार.

सूनबाई दीपिका आजपासून पुन्हा कामावर रुजू झाली, तारापूरला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये. मुलाची, केदारची, कामाची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून मी वाडी बायकोच्या, आनंदीच्या हवाली करून बोईसरला आलोय, नातीला सांभाळायला. तरी दीपिकाचा जीव थाऱ्यावर नाही. तिने क्लबहाउसच्या तळमजल्यावरचं पाळणाघर हेरून ठेवलंय. तिथल्या आयांना पोहता येतं, त्याच बाळांना तलावात नेतात. "बाबा, तुम्हाला झेपलं तर तुम्ही, नाहीतर पाळणाघर आहेच," असं ती गोड आवाजात म्हणाली. पाळणाघर म्हणजे मी परत समुद्रकाठच्या दातिवऱ्याला आणि पोरगी दिवसभर परक्या बाईच्या कडेवर.

क्लास घेणाऱ्या रूपलबाई अगदी तरुण आहेत, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. संध्याकाळी नाव घालायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाळाबरोबर पाण्यात जो उतरेल त्याला पोहता आलं पाहिजे. तुमच्याकडून कोण?" दीपिकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी दातिवऱ्याचा आहे."

एवढंच बोललो. पुढचं त्या दोघींनी आपल्या मनाने समजून घेतलं, त्याला मी काय करणार? पण इथे खरं लिहायला हरकत नाही. आमचं घराणं वाडीवाल्यांचं. समुद्राकडे पाठ करून नारळ लावले, केळी लावली, पानवेली चढवल्या. दर्यात जायचं ते कोळ्यांनी. आम्ही फार तर मासळी घ्यायला ओल्या वाळूपर्यंत. गुडघ्याच्या वर पाणी चढलं की मी काठाकडे पळतो.

असो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी माझी पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून तलावावर गेलो तर वॉचमनने दारातच अडवलं. "चाचा, ये नहीं चलेगा. कॉस्च्यूम चाहिए, टोपी चाहिए." शेजारच्या दुकानातून दोन्ही आणलं. कॉस्च्यूम असा घट्ट की मला माझ्याच पोटाची ओळख नव्याने झाली. वर निळी रबरी टोपी, कान गडप. आरशात पाहिलं आणि मी मोठ्याने हसलो. कडेवरची जिवलीपण हसली. तिला कारण कळलं असेल असं मला वाटत नाही.

बाळांचा तलाव वेगळा, पाणी माझ्या कंबरेपर्यंत. स्टीलच्या शिडीवरून उतरलो आणि शिडी काही सोडली नाही. रूपलबाई म्हणाल्या, "आजोबा, शिडी आवडलेली दिसते." म्हटलं, "गुडघा दुखतो." त्या म्हणाल्या, "हो का," आणि जिवलीला स्वतःच्या हातात घेतलं. नव्या बाळाला आधी शिक्षिकेची सवय व्हावी लागते, असा त्यांचा नियम आहे म्हणे. मग बॅचमधल्या ज्ञानेश्वरीबाईंचं बाळ पण नवीन होतं, ते त्यांच्याचकडे कसं राहिलं, हे काही कळलं नाही. असेल काहीतरी.

या पहिल्या वर्गाचं नाव बुडबुडे. त्यावरचा बेडूक, तीन ते पाच वर्षांची पोरं. त्यावरचा मासे. बुडबुड्यात फक्त एकच शिकायचं, तोंड पाण्यात घालून फुंकर मारायची. "बाळं मोठ्यांचं बघून शिकतात," रूपलबाई म्हणाल्या. "आजोबा, तुम्ही करून दाखवा." बाळांच्या पाच आया हजर असताना त्यांनी मला निवडलं. समुद्रकाठच्या माणसाचा मान असतो एकेक.

मी डोळे मिटले, तोंड घातलं आणि फुंकायच्या ऐवजी ओढलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी. सगळी बाळं खदाखदा हसायला लागली. रूपलबाई म्हणाल्या, "बघा बाळांनो, असं करायचं नाही. आता आजोबा बरोबर करून दाखवतील." मला वाटतं, आधी चूक दाखवायची हीसुद्धा त्यांची एक पद्धत असावी.

११ एप्रिल, शुक्रवार

बुडबुडे जमले. न्हाणीघरात बादलीत तोंड घालून सराव करत होतो. केदार दार ठोठावत होता, "बाबा, आत काय चाललंय? गुळण्या करताय का?" म्हटलं, "हो." तो म्हणाला, "किती वेळ?" आता बापाने गुळण्या किती वेळ करायच्या हेही हा ठरवणार.

आज ज्ञानेश्वरीबाईंशी बोलणं झालं. त्या मूळच्या बीडकडच्या, नवरा इंद्रजीत इथे कारखान्यात. ज्यांच्या गावात टँकर येतो त्यांना पाण्याचं काय कळणार, म्हणून मी जरा समजावणीच्या सुरात बोलत होतो. तर बाई मोठ्या तलावात गेल्या आणि सपासप या टोकाहून त्या टोकाला जाऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं विहिरीत शिकिवतेत आजोबा. पाठीला वाळका भोपळा बांधायचा अन् बाप वरून ढकलून द्यायचा. वर आलं तर पोहायला आलं." मी विचारलं, "आणि नाही आलं तर?" त्या म्हणाल्या, "तर बाप उडी मारायचा की."

मग त्यांनीच विचारलं, समुद्रात कसं पोहतात म्हणून. मी सांगून बसलो, भरतीला तिरकं पोहायचं आणि ओहोटीला सरळ. कुठून सुचलं देव जाणे. त्यांनी मान डोलावली आणि इंद्रजीतरावांना सांगते म्हणाल्या. आता तो माणूस केळव्याच्या किनाऱ्यावर तिरका पोहायला लागला तर पाप माझ्या माथी.

१६ एप्रिल, बुधवार

बढती. बुडबुडे आटोपल्यावर रूपलबाई म्हणाल्या, "आजोबा, बेडूक बॅचला थोडी मदत कराल? पाठीवर तरंगायचं दाखवायला मोठा माणूस लागतो." जिवली दुपट्यात गुंडाळून ज्ञानेश्वरीबाईंच्या मांडीवर केळं खात होती. नाही म्हणायला सबब सापडली नाही.

मला पाण्यात आडवं केलं. डोक्याखाली रूपलबाईंचा हात. मग त्यांनी पोरांना हाका मारल्या. "या रे, सगळ्यांनी आजोबांच्या पाठीखाली एकेक हात लावा. आजोबा आपली होडी." त्या चिमुरड्यांनी माझ्या खाली हात घातले. कोणाचा काखेत, कोणाचा भलत्याच ठिकाणी. मला गुदगुल्या व्हायला लागल्या. मी हसलो की पोट हलायचं, पोट हललं की होडी बुडायची, होडी बुडाली की पोरं ओरडायची, "आजोबा, श्वास घ्या!" चार वर्षांची पोरं मला श्वास घ्यायला शिकवत होती.

एका क्षणी सगळं शांत झालं. कानात पाणी, वर पत्र्याचं छप्पर, त्यात एक चिमणी. मी म्हटलं, "आता सोडा हात, दमला असाल." रूपलबाई लांबून बोलल्या, "कधीचे सोडलेत." त्या पार काठावर उभ्या होत्या. तेवढ्यात माझे पाय खाली गेले आणि नाकात पाणी. पण त्या आधीचा थोडा वेळ खरा होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला दिवसभर उगाच आनंद होत होता. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला दोनदा नमस्कार केला.

२० एप्रिल, रविवार. दातिवरे.

दोन दिवस वाडीवर आलोय. आनंदीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. परातीत पीठ आणि डोळ्यांत पाणी, हसून. "तुमी? पोयता? लग्न झाल्यावर खाडी उतरताना माजा हात कोनी धरला होता? पाणी घोट्याएवडा होता."

म्हटलं, हसू नकोस, एक सल्ला दे. ती म्हणाली, "खरा सांगून टाका. पोरीचा जीव हाय हातात." मी म्हटलं, खरं सांगितलं तर पोरगी पाळणाघरात जाईल. मग तिने भाकरी तव्यावर टाकली. तिलाही तेच टोचतंय.

दुपारी वाडीतल्या बावखलात उतरायचं ठरवलं. हे आमचं शिंपण्याच्या पाण्याचं तळं, पायऱ्या आहेत, मधे मात्र खोल. कोळ्यांची पोरं लहानपणी सुके नारळ बांधून शिकायची, ते मी पाहिलं होतं. सोडणासकट, म्हणजे वरच्या सालीसकट, दोन सुके नारळ घेतले, काथ्याने एकत्र बांधले, कंबरेला घट्ट आवळले आणि देवाचं नाव घेऊन पुढे सरकलो. नारळांनी त्यांचं काम चोख केलं. कंबर वर उचलली. बाकीचा शांताराम खाली. बूड आकाशाकडे, डोकं चिखलाकडे, आणि पाय हवेत काय करत होते ते मला दिसत नव्हतं.

आनंदीने नारळ पाडायच्या आकडीने मला ओढून घेतलं. कॉस्च्यूमलाच आकडी अडकवली, दुसरीकडे जागा नव्हती. पायरीवर बसून दोघं इतके हसलो की कुंपणापलीकडून शेजारच्या दामूने विचारलं, काय झालं. आनंदी म्हणाली, "काय नाय, नारल पडला." किती वर्षांनी आम्ही दोघं असे हसलो, मला आठवत नाही. तिचा चेहरा तेव्हा एकदम लग्नातला दिसत होता. तसं सांगितलं तर म्हणाली, "शहरात जाऊन वाया गेलात."

संध्याकाळी ती केळीच्या बागेत उभी राहून बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलत होती. विचारलं तर म्हणाली, बहीण.

२१ एप्रिल, सोमवार

योगायोग कसे असतात बघा. आज रूपलबाई बेडूक बॅचला सांगत होत्या, "फ्लोट कधीही कंबरेला बांधायचा नाही. काखेखाली, छातीशी. नाहीतर डोकं खाली जातं." सांगताना त्या पोरांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, आणि ओठ दाबून ठेवले होते. त्यांच्या दाढेत काही दुखत असावं.

२९ एप्रिल, मंगळवार

आज जिवलीला रूपलबाईंनी माझ्या हातात दिलं. पाण्यात, पहिल्यांदाच. "आजपासून तुमच्याकडे," म्हणाल्या. स्वतः हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. काठावरून बघणं वेगळं असतं हो. पाण्यात पोरगी फुलासारखी हलकी झाली आणि सगळा भार तिच्या नजरेत गेला. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू या म्हाताऱ्याला सगळं येतं. मग तिने तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. वर येऊन माझ्याकडे पाहिलं, आता तू. मीपण काढले. मग तिने. मग मी. आमचा वेळ संपला तरी दोघांना थांबवेना.

आता मी मासे बॅचलाही मदत करतो. तिथे फळी धरून पाय मारायचे. रूपलबाई म्हणतात, मोठा माणूस मागे राहिला की पोरांना हुरूप येतो. त्या बाबतीत मी त्यांना निराश केलं नाही. सुजीत नावाचा तिसरीतला पोरगा पलीकडे पोचून, टॉवेलने अंग पुसून, बिस्कीट खात माझी वाट बघत होता. "आजोबा, गुडघे वाकवू नका, सायकल नाहीये ती," म्हणाला. काल फळी हातातून निसटली तरी मी भिंतीपर्यंत पोचलो. बहुतेक भिंत जवळ होती.

घरी पलंगावर पालथा पडून पाय मारत होतो. दीपिका चहा घेऊन आली. बघितलं, कप ठेवला, "गुडघे सरळ, बाबा," म्हणाली आणि गेली. तिला हे कोणी सांगितलं?

८ मे, गुरुवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

येत्या रविवारी सगळ्या बॅचेसचा कार्यक्रम आहे, घरची मंडळी येणार. मासे बॅच रुंदी पार करेल, बेडूक तरंगतील, आणि बुडबुड्यातली बाळं मोठ्या तलावात, आईच्या हातातून दुसऱ्या माणसाच्या हातात जातील. मधे थोडं अंतर. त्या अंतरात बाळाला कोणी धरायचं नाही, रूपलबाई मात्र शेजारी. जिवलीसाठी दीपिका आणि मी.

काल केदार जेवताना म्हणाला, "मित्रांना सांगितलंय, आमचे बाबा दर्यातले. सगळे बघायला येतायत." मी ताट बाजूला सारलं. रात्री पोरीला थोपटताना वाटलं, शांताराम, फुशारकीपायी आणि हिच्या सोबतीच्या लोभापायी तू हिलाच पाण्यात धरून उभा राहिलास. ती तुझ्या हातातून निसटली असती तर तू काय केलं असतंस? काहीसुद्धा नाही. तिच्या शेजारी बुडाला असतास.

म्हणून आज जिवलीला ज्ञानेश्वरीबाईंकडे दिलं आणि मोठ्या तलावाच्या उथळ बाजूला रूपलबाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, एक बोलायचंय." त्या म्हणाल्या, "बोला ना," आणि मागे सरकल्या, पोरांच्या फळ्या गोळा करत होत्या. मी त्यांच्यामागे गेलो. म्हटलं, "मी खोटं बोललो. म्हणजे खोटं नाही, पण खरंही नाही." त्या म्हणाल्या, "ऐकू येत नाही, जरा जवळ या," आणि आणखी मागे. माझं डोकंच फिरलं. इथे माणूस काळीज उघडून दाखवतोय आणि या बाईला फळ्यांची पडलीय. मी हात मारत मारत त्यांच्यामागे. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. आमच्या सात पिढ्यांत कोणाला येत नव्हतं. रविवारी माझ्या हातात पोरगी देऊ नका. दीपिकाला मी सांगतो, पाळणाघर लावा म्हणून. मी चाललो गावाला." बोलता बोलता धाप लागली, राग आला, रडूही आलं, आणि त्या आपल्या हसतायत.

"बोलून झालं?" त्या म्हणाल्या. "आता पाय टेका बघू, आजोबा."

मी पाय खाली सोडला. खाली काहीच नव्हतं. दुसरा सोडला. तिथेही नाही. शिडी पार पलीकडच्या भिंतीला, आणि मी मोठ्या तलावाच्या खोल भागात मधोमध. घाबरून एक डुबकी खाल्ली, तोंडातली हवा सोडली, वर आलो, पाठीवर पडलो. तेच छप्पर. आणि खाली तरंगतोय तो मीच.

"पहिल्या दिवशी तुम्ही शिडी धरलीत तेव्हाच कळलं होतं," रूपलबाई म्हणाल्या. "म्हणून तर बाळ माझ्याकडे ठेवलं आणि तुम्हाला बॅचमध्ये घेतलं."

"मला? कोणत्या बॅचमध्ये?"

"तिन्ही."

मी काठाला आलो. स्वतः आलो, कोणी ओढलं नाही. मग पायरीवर बसून भोकाड पसरलं म्हटलं तरी चालेल. सुजीतने न विचारता बिस्कीट दिलं.

९ मे, शुक्रवार

रूपलबाईंना कळलं म्हणून काय झालं, पोर त्यांची नाही. दीपिका कामावरून आली, मी पिशवी भरून तयार होतो. तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मी तुझा विश्वासघात केला. पोरीला पाळणाघरात घाल. मी सकाळच्या बसने जातो."

ती पिशवीकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, पहिला आठवडा मी रजा काढून क्लबहाउसच्या वरच्या मजल्यावर काचेमागे बसले होते. कामावर गेलेच नव्हते." मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी तुम्हाला बघून धावत खाली येणार होते. तुमच्या हातून शिडी सुटत नव्हती, ओठ निळे पडले होते, तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा उतरलात. तिसऱ्या दिवशीही उतरलात. मी त्याच दुपारी पाळणाघरात जाऊन नाही म्हणून सांगून आले. ज्यांना पाण्याची भीती नाही अशा आया मिळतील हो. एवढी भीती असून तिच्यासाठी रोज उतरणारं माणूस मला कुठे मिळणार होतं?"

मी विचारलं, "आणि आनंदी?" ती म्हणाली, "आईंचा फोन रोज असतो. नारळाचं मला आणि रूपलला त्यांनीच सांगितलं. आम्ही दोघी फोनवर..." पुढचं तिला हसण्यामुळे सांगता आलं नाही. पिशवी तिने स्वतः रिकामी केली. कॉस्च्यूम मी आधीच बाहेर ठेवला होता, वाळायला. म्हणजे बहुतेक माझंही जायचं पक्कं नव्हतं.

एक राहिलं. "केदारला माहीत आहे?" दीपिकाने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याला यातलं काही सांगू नका, बिचारा लाजेल. तो लग्नाआधी मला म्हणाला होता की त्याला पोहता येतं."

११ मे, रविवार

आनंदी पहाटेच्या गाडीने आली, मोगऱ्याचा गजरा माळून, जणू मुंज आहे. माझा कॉस्च्यूम बघून पदर तोंडाला लावला. "हाच आकडीला अडकलेला ना," एवढंच म्हणाली. केदारचे मित्र आले. केदार स्वतः पॅन्ट न दुमडता काठापासून चांगला लांब उभा होता. मी त्याला म्हटलं, "उद्या सकाळची पाळी नाही ना तुझी? मग माझ्याबरोबर ये." त्याने माझ्याकडे पाहिलं, दीपिकाकडे पाहिलं, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

बेडूक तरंगले. सुजीत पहिला आला. ज्ञानेश्वरीबाईंच्या बाळाने अख्खं अंतर डोळे मिटून पार केलं आणि पलीकडे पोचल्यावर शिंकलं. मग आमचा नंबर.

दीपिका तिकडे, मी इकडे, पाणी छातीपर्यंत. रूपलबाई मधे एका बाजूला. दीपिकाने जिवलीला पाण्यावर आडवं धरलं, तोंडावर फुंकर मारली, आणि सोडलं. पोरगी पाण्याखाली गेली. मोठे काळे डोळे टक्क उघडे, गाल फुगलेले, हातपाय कसेही चाललेले. तिला तिकडून कोणी धरलेलं नव्हतं, इकडून कोणी धरलेलं नव्हतं. आणि ती माझ्याकडे येत होती. मी हात पुढे केले, पण आखडून धरले, कारण तिला स्वतःला पोचायचं होतं. एवढंसं अंतर. माझ्या आयुष्यात मी कोणाची एवढी वाट पाहिली नाही.

ती पोचली. वर आली, पाणी उडवलं, माझा कान गच्च पकडला आणि सगळ्या लोकांसमोर माझ्या तोंडावर बुडबुडे काढले. मी पण काढले. रूपलबाई म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या बाळाला जागा द्या." आम्ही काही ऐकायला तयार नव्हतो.